५२ लाखांचे २५ लाख कसे झाले?

प्रश्न : बाबांच्या कात्रणवहीत २००६ची बातमी आहे : भारतात एचआयव्हीबाधित सुमारे ५२ लाख. २००७च्या कात्रणात २५ लाख! बाकीचे गेले कुठे? वर्गात मुलांना काय सांगू?
– एक शिक्षिका, मिरज

उत्तर : कुठेही गेले नाहीत, ताई. ते मुळात नव्हतेच. मी सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होते. गरोदर बायकांच्या व्हीडीआरएल (सिफिलिस या लैंगिक आजाराच्या) तपासणीतून उरलेलं रक्त आम्ही एचआयव्ही तपासायला वेगळं काढायचो. नाव काढून टाकायचं, वय, राहणं शहरात की खेड्यात, असं थोडकं ठेवायचं. एका केंद्रावर ४०० नमुने. निकाल त्या बाईलाही कळायचा नाही, हे मला कायम खुपायचं.

या केंद्रांवरून देशाचा अंदाज बांधला जाई. पण खासगी डॉक्टर एचआयव्हीचा संशय आलेल्या बायका मोठ्या सरकारी रुग्णालयातच धाडायचे, आकडा फुगणारच. आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात घरोघरी तपासलं, तर लागण जुन्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी! मग २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लाखभर लोकांचं रक्त तपासलं. १५ ते ४९ वयोगटात प्रमाण निघालं ०.२८ टक्के.

अर्थात घरोघरच्या पाहणीत देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, सुईने नशा करणारे नीट सापडत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी केंद्रं होती, ती वाढवली. सगळं जुळवून २५ लाख आले. नव्या पद्धतीने मागची वर्षंही पुन्हा मोजली, तीही खाली आली. तेव्हा वर्षभरात साथ निम्मी झाली, असं मात्र फळ्यावर लिहू नका.