जुन्या दुनळीचे दोन्ही बार एकदम उडतात : चाप घरी दुरुस्त करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की पुढचा चाप ओढला की कधी कधी दोन्ही नळ्या एकदम उडतात, आणि एरवी मागचा चाप ओढूनही काहीच होत नाही. घरी खोलून बघावं का, हा तुमचा प्रश्न. दोष कुठे आहे ते घरी ओळखता येईल. पण चापाच्या आतल्या खाचेला कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका, आणि कारण सापडेपर्यंत बंदुकीत दोन काडतुसं एकदम भरू नका.

दोन चापांच्या बंदुकीत प्रत्येक नळीला वेगळा घोडा, वेगळी स्प्रिंग आणि वेगळा सिअर असतो. सिअर म्हणजे ताणलेल्या घोड्याला खाचेत अडवून धरणारा खटका. ही पकड अगदी थोड्या पोलादावर असते. ती झिजली, तेल सुकून त्यात चिकटा धरला किंवा सिअरची स्प्रिंग मंदावली, की पहिल्या बाराच्या धक्क्यानेच दुसरा घोडा सुटतो. दोन्ही बार उडण्याचं दुसरं कारण बोटाचं असतं : धक्क्यात बोट घसरून मागच्या चापावर आदळतं. हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण आधी तेच तपासा.

नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा बघा. मग दोन्हींत नकली काडतुसं घाला, म्हणजे फायरिंग पिनांना (काडतुसाच्या टोपीवर ठोका देणाऱ्या खिळींना) इजा होणार नाही. बंदूक मिटवा, सेफ्टी पुढे सरकवून मोकळी करा, चापांना हात न लावता दस्त्याचा तळ रबरी चटईवर आपटा. एखादा घोडा पडल्याचा खट् आवाज आला, तर पकड गेली आहे आणि ती बंदूक चालवायची नाही. इथे सेफ्टीच्या भरवशावर राहू नका. बहुतेक जुन्या दुनळ्यांमध्ये ती फक्त चाप अडवते, सिअर नाही.

मागच्या चापाचं निदान काडतुसाच्या तळाच्या टोपीवरून होतं. टोपीवर खूणच नसेल तर बहुधा घोडा पडलेला नाही. पुसट खूण असेल तर मुख्य स्प्रिंग किंवा पिन बघायला हवी. मात्र बार फुसका गेला की नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा. काडतूस उशिरा पेटू शकतं.

माझ्या बंदुकीत दोष लाकडात निघाला. दमट हवेत दस्ता फुगला होता आणि सिअरच्या शेपटीला आतून टेकत होता. चाप आणि त्या शेपटीमध्ये किंचित ढिलाई लागते, ती उरलीच नव्हती. चापाखालच्या पट्टीचा स्क्रू जास्त आवळला तरी असंच होतं. म्हणून आत तेल ओतू नका, ते लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं.

एकच चाप असलेली बंदूक असती तर सांगणं वेगळं झालं असतं. त्यातल्या बऱ्याच बंदुकांत पहिल्या बाराच्या धक्क्यानेच चाप दुसऱ्या नळीवर जातो, त्यामुळे नकली काडतुसांवर दुसरा खट् आला नाही म्हणून घाबरायचं नसतं.

सिअर आणि खाच जुळवणं हे बंदूक-कारागिराचंच काम. त्याच्याकडे नेताना कोणता चाप, कितव्या बाराला, कोणतं काडतूस, हे लिहून न्या. जोरदार काडतुसांनीच दोन्ही बार उडत असतील, तर ते त्याला पहिल्यांदा सांगा.