वाचकांचे प्रश्न : मॅसॅच्युसेट्समधील लेफ्टनंट गव्हर्नर

प्रश्न : १९१० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचा गव्हर्नर डेमोक्रॅट पक्षाचा आणि त्याच्या खालोखालचा लेफ्टनंट गव्हर्नर रिपब्लिकन पक्षाचा निवडून आला. एकाच दिवशी, त्याच मतदारांकडून हे कसे झाले?

उत्तर : मतेच दोन द्यायची होती. मतपत्रिकेवर प्रत्येक पदाखाली उमेदवारांची नावे आणि त्यांपुढे पक्ष छापलेला असे. मतदार पदागणिक वेगळी फुली मारी. इतर अनेक राज्यांत एकाच फुलीत सगळ्या पक्षाला मत देता येई, ती सोय इथे नव्हती. त्यामुळे युजीन फॉस यांनी रिपब्लिकन गव्हर्नर एबेन ड्रेपर यांना पाडले, तरी रिपब्लिकन लेफ्टनंट गव्हर्नर लुई फ्रॉथिंगहॅम आपल्या जागी टिकले. निवडणूक दर नोव्हेंबरात होई. १९११ मध्ये फ्रॉथिंगहॅम गव्हर्नरपदासाठी उभे राहून फॉस यांच्याकडून हरले, पण त्यांची मोकळी झालेली जागा रिपब्लिकन रॉबर्ट ल्यूस यांनी राखली. १९१२ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाने रिपब्लिकन मते फोडली. त्या वर्षी डेव्हिड वॉल्श यांनी ल्यूस यांना हरवले, आणि दोन्ही पदे डेमोक्रॅटांकडे गेली.

प्रश्न : लेफ्टनंट गव्हर्नरचे पद नुसते शोभेचे होते का?

उत्तर : तसे म्हणणे घाईचे होईल. राज्याचे सिनेट, म्हणजे विधिमंडळाचे वरचे सभागृह, आपला अध्यक्ष स्वतः निवडे, म्हणून तिथे अध्यक्षपद सांभाळण्याचे काम या पदाला नव्हते. मात्र लेफ्टनंट गव्हर्नर गव्हर्नरच्या कौन्सिलचा (सल्लागार मंडळाचा) सभासद असे, आणि न्यायाधीशांच्या नेमणुका व शिक्षामाफी या कौन्सिलच्या संमतीशिवाय होत नसत. शिवाय गव्हर्नर राज्याबाहेर गेला की त्याचे अधिकार लेफ्टनंट गव्हर्नरकडे येत. विरोधी पक्षाचा माणूस त्या जागी असला, तर गव्हर्नरने प्रवास बेताने करणेच शहाणपणाचे!

प्रश्न : लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून कूलिज यांची वर्षे वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी का दिसतात?

उत्तर : निवडणूक नोव्हेंबरात, शपथ जानेवारीत. कॅल्विन कूलिज १९१५, १९१६ आणि १९१७ मध्ये निवडून आले, पण पदावर होते जानेवारी १९१६ ते जानेवारी १९१९. यादी निवडणुकीची आहे की कार्यकाळाची, हे आधी पाहावे. मतांची टक्केवारी पडताळतानाही जपून. राज्याच्या अधिकृत तक्त्यांत कोऱ्या मतांची, म्हणजे त्या पदासाठी फुलीच न मारलेल्या मतपत्रिकांची, स्वतंत्र ओळ असते. ती बेरजेत धरली की विजेत्याची टक्केवारी उतरते, आणि खालच्या पदांवर कोरी मते सहसा जास्तच पडतात.