'होस्टनेम'ला यजमाननाम म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: लिनक्स ही संगणकप्रणाली बसवताना दिसणाऱ्या सूचना मराठीत आणायच्या आहेत, तर 'होस्टनेम'ला (नेटवर्कवरच्या एका संगणकाचं नाव) 'यजमाननाम' आणि 'डोमेन नेम'ला (तो संगणक ज्या गटात मोडतो त्याचं नाव) 'प्रक्षेत्रनाम' लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही टाळावेत. यजमान हा मूळचा यज्ञ करवणारा. पुढे घरधनी, पाहुणचार करणारा हे अर्थ आले, आणि आपल्याकडे 'आमचे यजमान' म्हटलं की नवराच समजतात. संगणकाच्या होस्टचा पाहुणचाराशी काही संबंध उरलेला नाही. अर्पानेटला, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज नेटवर्कला, जोडलेल्या मोठ्या संगणकांना होस्ट म्हणत. १९६९ मधल्या पहिल्या आरएफसीचं, म्हणजे नेटवर्कविषयीच्या तांत्रिक टिपणाचं, शीर्षकच 'होस्ट सॉफ्टवेअर' आहे. आज नेटवर्कवरचा प्रिंटरसुद्धा होस्टच. म्हणून पडद्यावर सरळ 'या संगणकाचं नाव' विचारावं. पहिल्यांदा लिनक्स बसवणाऱ्यालाही काय टाइप करायचं ते कळतं.

'प्रक्षेत्र' तर कृषी विद्यापीठांत आधीच रुळला आहे, तिथे तो प्रयोगाच्या शेतीला वापरतात. 'डोमेन' सगळ्यांच्या तोंडी आहे, ते तसंच ठेवावं, नपुंसकलिंगी: ते डोमेन, आपलं डोमेन.

शब्दांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे दोन नावांची हद्द दाखवणं. समजा पूर्ण नाव 'लेखा.पुणे.उदाहरण' आहे. यात पहिल्या टिंबाआधीचं 'लेखा' हे होस्टनेम, उरलेलं सगळं डोमेन. मराठी माणसाला हा क्रम ओळखीचाच आहे: आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. त्यामुळे सूचनांमध्ये 'नुसतं नाव' आणि 'पूर्ण नाव' असा भेद केला, की पूर्ण नावाच्या 'फुल्ली क्वालिफाइड' या इंग्रजी विशेषणासाठी वेगळा जड शब्द घडवावा लागत नाही.

नाव टाइप करायच्या चौकटीखाली नियमही लिहा. रोमन अक्षरं, अंक आणि जोडरेघ चालते; पण जोडरेघ सुरुवातीला किंवा शेवटी नको. अंडरस्कोर आणि मोकळी जागा चालत नाही. टिंबांमधला एक तुकडा ६३ अक्षरांपर्यंत. '.भारत'खाली देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतात, पण डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत, ती प्युनीकोड या रोमन रूपातच राहतात. तेव्हा वरचं 'लेखा' फक्त समजावण्यापुरतं, चौकटीत ते रोमनमध्येच टाइप करायचं.

घरच्या एकट्या लॅपटॉपला डोमेन नसलं तरी अडत नाही. त्या चौकटीपाशी 'ऐच्छिक'ऐवजी 'डोमेन नसेल तर रिकामं सोडा' असं लिहा.