पगारी गायकवृंद : बीबीसी सिंगर्सची शंभर वर्षे

प्रश्न : आमच्या समूहगान मंडळात सगळेच हौशी आहेत. ब्रिटनमध्ये बीबीसीने मात्र केवळ समूहगानासाठी गायक नोकरीवर ठेवले आहेत, असे वाचले. अशा वृंदाची गरज का भासली आणि मध्यंतरी तो बंद का होणार होता? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मोठ्या वृंदांची परंपरा ब्रिटनमध्येही मुख्यतः हौशीच आहे, हडर्सफील्डचा प्रसिद्ध वृंद १८३६ पासून तसाच चालत आला आहे. हौशी मंडळी नोकरीधंदा सांभाळून, संध्याकाळी जमून, एकच रचना कित्येक आठवडे बसवतात. नभोवाणीला एवढी सवड नव्हती. दर आठवड्याला नवे काही हवे असे, प्रक्षेपण थेट होई आणि चूक दुरुस्त करण्याची सोय नसे; त्यामुळे स्वरलिपी समोर येताच ती अचूक गाऊ शकणारे गायक हाताशी असणे भागच होते. स्टॅनफर्ड रॉबिन्सन या तरुण संगीतकाराने १९२४ मध्ये उभा केलेला ‘वायरलेस कोरस’ हे आजच्या बीबीसी सिंगर्सचे मूळ रूप. १९२८ मध्ये रोजच्या प्रार्थनेचे प्रक्षेपण सुरू झाले, त्यासाठीही असे गायक लागत. त्याच वर्षी भव्य रचनांसाठी बीबीसीने वेगळा, विनावेतन वृंदही स्थापन केला, म्हणजे हौसेला तिथेही मज्जाव नव्हता.

माझ्या मते बीबीसी सिंगर्स या पगारी वृंदाची खरी कमाई नव्या संगीतात आहे. अवघ्या वीस वर्षांच्या बेंजामिन ब्रिटनची ‘अ बॉय वॉज बॉर्न’ ही रचना २३ फेब्रुवारी १९३४ रोजी बीबीसीच्या गायकांनी प्रथम सादर केली (योगायोग असा की, ज्येष्ठ संगीतकार एल्गार त्याच दिवशी वारले). फ्रान्सिस पुलांक यांनी जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये १९४३ साली रचलेली ‘फिगर युमेन’ ही वाद्यांच्या साथीविना, बारा स्वरपंक्तींत गायची अतिशय अवघड रचनाही पहिल्यांदा ऐकू आली ती १९४५ मध्ये, लंडनहून, याच वृंदाच्या तोंडून आणि इंग्रजी भाषांतरात.

मार्च २०२३ मध्ये खर्चकपातीच्या काळात बीबीसीने हा वीस जणांचा वृंद बंद करून देशभरातील समूहगानावर अधिक व्यापक गुंतवणूक करण्याचे जाहीर केले. हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण वर्षानुवर्षे एकत्र गाऊन जुळलेला आवाज कामापुरत्या बोलावलेल्या गायकांकडून मिळत नाही. दीड लाखांहून अधिक लोकांनी विरोधाच्या निवेदनावर सह्या केल्या, त्याच महिन्यात निर्णय स्थगित झाला, आणि शताब्दीच्या वर्षी, २०२४ मध्ये, ‘व्होसेस एट’ या गायकगटाच्या प्रतिष्ठानाशी भागीदारी करून वृंद पुढे चालू ठेवण्याचे ठरले.