आधी दुसऱ्या वर्षाचा भाव विचारा

दादा, बेळगावातल्या तुमच्या कुंद्याच्या दुकानासाठी डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, शोधताना एका नावापुढं '९९ रुपये', दुसऱ्यापुढं 'प्रीमियम' आणि तिसऱ्यापुढं 'प्रीमियम' लिहून वर पाच आकडी रक्कम दिसली, म्हणून तुम्ही गोंधळलाय. आमचंही हेच झालेलं. मी काही यातला तज्ज्ञ नव्हे, निपाणीत संकेश्वरी मिरचीपूड विकतो. शिवाय डोमेन विकणाऱ्या प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, एवढं धरून वाचा.

९९ रुपये फक्त पहिल्या वर्षाचे, ते सांगायला नको. खरा घोळ 'प्रीमियम'चा. नाव आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं असतं आणि तो ते विकायला काढतो, तेही प्रीमियम. त्यात मोठी रक्कम एकदाच जाते, पुढं दरवर्षी सहसा साधाच भाव. पण नाव कुणाचंच नसताना त्या एक्स्टेन्शनची (नावाच्या शेवटी येणाऱ्या डॉट कॉम, डॉट इनसारख्या भागाची) रजिस्ट्रीच, म्हणजे ते एक्स्टेन्शन चालवणारी संस्थाच, ते महाग ठरवते, तेही प्रीमियमच! तिथं बऱ्याचदा रिन्यूअलही, म्हणजे पुढच्या वर्षांसाठी नाव चालू ठेवायचा भावही, चढं, आणि ते दरवर्षी.

आमचं हे दुसरं होतं. पहिल्या वर्षाला ऑफर, आणि कार्टमध्ये रिन्यूअलचा आकडा कुठंच नाही. म्हणून पैसे भरायच्या आधी चॅटवर विचारलं. "स्टँडर्ड रेटनं होईल सर," असं उत्तर आलं. वर्षानं बिल बघून डोळे पांढरे झाले. तोवर पाकिटांवर, टेम्पोवर सगळीकडं ते नाव छापून झालेलं. कस्टमर केअर म्हणतं, भाव रजिस्ट्री ठरवते. चॅटचा स्क्रीनशॉट पाठवला तर म्हणे ते प्रतिनिधी आता आमच्याकडं नाहीत. मग तक्रार परस्पर बंद करून वर आम्हालाच रेटिंग मागितलं! दुसऱ्या कंपनीकडं ट्रान्सफर करूनही सुटका नाही, कारण रजिस्ट्रीचा प्रीमियम त्या नावालाच चिकटलेला असतो.

असं चढं रिन्यूअल लावायचं असेल तर नोंदणीच्या वेळीच ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावी, असं आयकॅनच्या, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या, रजिस्ट्री करारात आहे. प्रत्यक्षात ती संमती म्हणजे लांबलचक अटींखालचा टिक करायचा एक चौकोन. तेव्हा त्या नावाचं रिन्यूअल आकड्यात, ईमेलवर मागा. 'स्टँडर्ड' हे उत्तर चालवून घेऊ नका.

माझं मत विचाराल तर दुकानाला साधं डॉट इन किंवा डॉट कॉम बस्स. चकचकीत एक्स्टेन्शनवाले रागावतील, रागावू देत. डॉट कॉम घेतलंत तर रिन्यूअलच्या आधी इतरांचे ट्रान्सफरचे भाव बघा, कारण त्यातच एक वर्ष वाढून मिळतं. फक्त नोंदणीनंतर पहिले ६० दिवस ते होत नाही. नावात गाव येणार असेल तर इंग्रजीतली जुनी आणि २०१४ नंतरची, दोन्ही स्पेलिंगं (Belgaum आणि Belagavi) घेऊन ठेवा. गिऱ्हाईक अजून जुनंच टाइप करतंय.

आणि दाखवलेल्या भावावर बहुतेक ठिकाणी १८ टक्के जीएसटी वेगळा असतो. जीएसटी नंबर असेल तर तो पैसे भरायच्या आधीच टाका, २९ नं सुरू होणारा, आणि राज्य कर्नाटकच निवडा. कंपनी मुंबई-पुण्याची असली तर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या खरेदीवरचा जीएसटी, लागतो नि त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो आपल्या भरायच्या करातून वळता होतो. कोल्हापूरच्या पाहुण्यांचा पत्ता टाकून बिल महाराष्ट्राचं केलंत, तर तिथला एसजीएसटी, म्हणजे जीएसटीतला त्या राज्याचा वाटा, इथं वळता होत नाही. आमच्या सीएनं यावरून चांगलंच झापलंय.