लिंबाचा वास जातो कुठे?

प्रश्न : मुलाने भेट दिलेले लिंबूवर्गीय परफ्यूम लावून मी रोज विश्रामबागेतून कामावर निघते. कचेरीत पोहोचेपर्यंत लिंबाचा वास उडालेला असतो आणि दुपारी फक्त चंदनासारखा ऊबदार वास उरतो. बाटली नकली असेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्यावरून बाटलीला नकली ठरवू नका, आपण सांगता तो क्रम हा या जातीच्या सुगंधाचा स्वभावच आहे. लिंबू-संत्र्याच्या सालीतील तेलात मुख्यतः लिमोनिन असते आणि त्याचे रेणू लहान व हलके असल्यामुळे अंगाच्या उबेने ते लवकर उडून जाते, तर चंदनातील सँटॅलॉल किंवा वाळ्याच्या तेलातील जड रेणू त्वचेवर कितीतरी तास रेंगाळतात. संत्र्याची साल मेणबत्तीजवळ दुमडून पाहा (डोळे सांभाळून), तिचे तुषार क्षणात भपकन पेटतात, इतके ते तेल उडते. आपले अत्तरवाले फुलांचा सुगंध पिढ्यान्‌पिढ्या चंदनतेलात उतरवत आले, तेही त्याला असा जड आधार मिळावा म्हणूनच.

लिंबाची झुळूक दुपारीही हवी असेल, तर थोडे परफ्यूम लहान कुपीत भरून पर्समध्ये ठेवावे, किंवा सुती ओढणीच्या आतल्या कडेवर डाग पडत नाही याची खात्री करून तिथे फवारावे. मात्र बाटली खिडकीत ठेवू नका. सांगलीच्या एप्रिलमधील उन्हात सालीचे तेल लवकर बिघडते आणि मग चंदनही त्याचा कुबट वास झाकू शकत नाही.