एतोशामध्ये तीनच दिवस असतील, तर दिवसभर गाडी फिरवावी की पाणवठ्यावर थांबावं?

तुम्ही सप्टेंबरात, स्वतः गाडी चालवत नामिबियातल्या एतोशा राष्ट्रीय उद्यानात जाणार आहात असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून ठामपणे सांगतो: थांबा. सगळे रस्ते पालथे घालणाऱ्यांच्या वाट्याला प्राण्यांपेक्षा धूळ जास्त येते.

कारण तिथल्या जमिनीत आहे. उद्यानात सुमारे 4,800 चौरस किलोमीटरचा पांढरा क्षारपट आहे. कच्छचं रण पाहिलं असेल तर अंदाज येईल. चांगला पाऊस झाला तर त्यात उथळ पाणी साचतं, फ्लेमिंगो येतात, पण ते पाणी खारट. पिण्याजोगं पाणी मिळतं ते मुख्यतः क्षारपटाच्या दक्षिण काठावरच्या झऱ्यांना. चुनखडीतून झिरपत आलेलं पाणी काठाशी चिकणमातीला अडतं आणि वर येतं. ओकोंडेका आणि साल्वाडोरा हे पाणवठे असेच तयार झालेत. बाकी बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी सोडतात. मे ते ऑक्टोबर पाऊस जवळपास नसतोच, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत रानातली डबकी आटतात आणि कळपांना इथे यावंच लागतं. पाऊस पडला की जागोजागी पाणी होतं, प्राणी पांगतात. तेव्हा हा सल्ला लागू नाही.

दक्षिणेच्या अँडरसन गेटने आत शिरा, दोन रात्री ओकाकुएजो आणि एक रात्र नामुतोनी या उद्यानातल्या कॅम्पमध्ये राहा, पूर्वेच्या फॉन लिंडेक्विस्ट गेटने बाहेर पडा. हे दोन कॅम्प एकमेकांपासून साधारण 140 किलोमीटरवर आहेत, हलाली हा तिसरा कॅम्प मध्यावर.

उजाडताच निघा, सिंह असतील तर तेव्हाच हालचाल करताना दिसतात. साधारण आठनंतर झेब्रे आणि स्प्रिंगबोक, ओरिक्स ही हरणं येऊ लागतात. पखुर्ड्यांचे थवेही याच वेळी उतरतात (आपल्या माळरानावरच्या पखुर्डीचे भाऊबंद), नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतात. ऊन तापलं की हत्ती येतात, अंगावर पांढरी माती माखलेले. त्यांची झाडीतून पाण्याकडे येणारी वाट मोकळी सोडा, आणि हत्ती कान फैलावून तुमच्याकडे वळला तर हळूच मागे सरका. म्हशी आणि पाणघोडे शोधू नका, ते एतोशात नाहीत.

गाडी सूर्य पाठीशी येईल अशी लावा आणि इंजिन बंद करा. इंजिन चालू असलं तर कॅमेरा थरथरतो आणि बुजरी जनावरं पुढे येत नाहीत. जिराफाकडे नीट बघा: पुढचे पाय फाकवून मान खाली नेतो, काहीतरी खुट्ट झालं की झटक्यात उभा राहतो, पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्या अवस्थेत त्याला पटकन पळता येत नाही, म्हणून ही सावधगिरी. दहा मिनिटांत 'इथे काही नाही' म्हणून निघालात तर हे हुकलंच. एका पाणवठ्याला किमान तासभर द्या.

रात्री ओकाकुएजोच्या प्रकाशझोतातल्या पाणवठ्यावर बसा, जेवण लवकर उरका. काळा गेंडा बघायला याहून खात्रीची जागा मला तरी माहीत नाही.

गडबड होते ती वेळेची. सूर्यास्ताला कॅम्पचं फाटक बंद होतं. वेगमर्यादा ताशी 60 असली तरी थांबत थांबत सरासरी 35-40 च पडते, म्हणजे 70 किलोमीटरला दोन तास धरा. गाडीतून उतरायला परवानगी फक्त कॅम्पमध्ये आणि ठरवून दिलेल्या थांब्यांवर असते, त्यामुळे पाणी आणि खाणं हाताशी ठेवा. रस्ते खडीचे आहेत, अणकुचीदार चुनखडी टायर फाडते. साधी कार चालते, पण गाडी ताब्यात घेताना स्टेपनीची हवा आणि जॅक स्वतः तपासा, आणि टाकी उद्यानात शिरण्याआधी औट्जो गावात भरून घ्या. कॅम्पमधल्या पंपावर इंधन असेलच असं धरून चालू नका.